उलट्या डोंगरांचं झाकण

अक्रोडकाकांनी आयुष्यात अक्रोडाचं झाड पाहिलं नव्हतं. लाकूड पाहिलं होतं, तेही हातभर लांबीची एकच फळी. जुन्या शेठनी ती कुठूनशी मिळवून त्यांच्या टेबलासमोर भिंतीला ठोकली होती. हे बघायचं आणि हे काढायचं, एवढंच त्यांचं शिक्षण. ती फळी बघत काकांनी चाळीस वर्षं पत्र्यावर अक्रोड काढला. सुरुवातीला ते काका नव्हते, नुसते अक्रोड्या होते. केस पांढरे झाल्यावर गॅरेजातल्या लोकांनी मान म्हणून पुढे काका जोडलं. बढती म्हणावी अशी तेवढी एकच झाली.

जुन्या काळच्या मोटारींत आतून जे लाकूड दिसतं ते पुष्कळदा लाकूड नसतंच. डॅशबोर्ड पत्र्याचा, खिडक्यांच्या कडेच्या पट्ट्या पत्र्याच्या, आणि त्यावर मूळ कारखान्यात रंगानं उठवलेल्या लाकडाच्या रेषा. पन्नास-साठ वर्षांत उन्हानं त्या उडून जातात, खालून गंज वर येतो. मग कुणी हौशी मालक अशी गाडी घेऊन येतो आणि होती तशी करून द्या म्हणतो. इंजिनवाला, पत्रेवाला, गादीवाला यांचे हात फिरून झाले की शेवटी उघड्या पत्र्यांची चळत काकांच्या टेबलावर यायची. काका पत्रा घासून गुळगुळीत करायचे, त्यावर मधाच्या रंगाचा हात द्यायचे, आणि तो वाळला की वरून गडद तपकिरी पातळ रंग. हा गडद हात तासभर ओला राहतो. तेवढ्या वेळात कोरड्या ब्रशनं, चिंधीच्या बोळ्यानं, रबराच्या दातेरी पट्टीनं त्यात रेषा ओढायच्या. मध्येच उठलं तर रंग धरतो, मग सगळं पुसून पहिल्यापासून. रेषांत एकाआड एक टोकदार कमानी असतात, त्यांना काका डोंगर म्हणत. डोंगर जमला की लाकूड जमलं.

काकांचे वडील सुतार होते, खरे. त्यांच्या लेखी मुलानं घराण्याच्या तोंडाला काळं फासलं होतं, फक्त रंग तेवढा तपकिरी होता. एकदाच ते गॅरेजात आले. मुलानं मोठ्या आशेनं पुढे केलेला डॅशबोर्ड त्यांनी डोळ्यांजवळ नेला, अंगठा फिरवला, आणि मग बोटाच्या पेरानं वाजवून पाहिला. तो पत्र्यासारखा वाजला, कारण तो पत्राच होता. "पत्र्याला लाकूड म्हणतोस, उद्या बापाला काय म्हणशील?" एवढं बोलून ते निघून गेले. काका ही गोष्ट हसत हसत सांगत, पण सांगून झाल्यावर त्या दिवशी त्यांच्या हातून धड काम होत नसे.

त्यांची एक सवय होती. प्रत्येक तुकड्याच्या मागे, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, ते पेन्सिलीनं तारीख आणि वेळ लिहीत. गडद हात कधी दिला, रेषा कधी संपल्या. पुढे व्हार्निश चढवायला ते उपयोगी पडे, आणि वर्षानं कुठं तडा गेला तर घाई झाली होती की नाही हेही कळे. मालकाला, शेठला, गिऱ्हाइकाला काहीही सांगितलेलं असो, पत्र्याच्या मागे काकांनी कधी खोटी वेळ लिहिली नाही.

काकू घरी अस्तरं शिवत. डॅशबोर्डात सामान ठेवायचा जो कप्पा असतो, त्याच्या झाकणाला आतून हिरव्या बनातीचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं, अस्तर लागतं. झाकणाच्या कडेला बारीक भोकं असतात, त्यातून दोरा ओवून ते शिवायचं. काका झाकण करायचे, काकू त्याची पाठ झाकायच्या. कोपऱ्यावर त्या एकावर एक दोन टाके घालीत, त्यामुळे त्यांचं काम कुणाच्याही कामात उठून दिसे. गॅरेजातले लोक या जोडप्याची थट्टा करत की यांचा संसार एकाच झाकणावर चाललाय. खोटं नव्हतं ते.

पण काकूंचा संसार खरं तर एका चालण्यावर उभा होता.

ती गोष्ट त्या नव्या शेजारणीला सांगत, दवाखान्याच्या रांगेत सांगत, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगत. लग्नाला दोन वर्षं झाली होती. कळा तीन आठवडे आधीच सुरू झाल्या. शेजारणीनं त्यांना दवाखान्यात नेलं आणि गॅरेजात फोन केला तेव्हा सव्वाबारा वाजले होते. काका हातातलं काम टाकून गॅरेजची सामानाची गाडी घेऊन निघाले. ती अर्ध्या वाटेतही न जाता बंद पडली, दुसरं वाहन मिळेना. मग हा माणूस भर उन्हात अकरा मैल चालत आला. मुलगी दोन वाजता झाली आणि पावणेचारला गेली. काका सहाला पोचले.

"पण चालत आला हो," काकू म्हणत. "बुटांवर इतकी धूळ, की बुटाचा रंग दिसेना."

पुन्हा मूल झालं नाही. काकूंच्या बहिणीनं, भावजयीनं नाही नाही ते सल्ले दिले, काकांच्या चिडक्या स्वभावावर बोट ठेवलं. काकूंनी कुणाचं ऐकून घेतलं नाही. ज्याचे माझ्यासाठी पायांचे तुकडे पडले त्याला मी काय बोलू, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. भांडणात काका उघडउघड चुकत असले तरी काकू शेवटी त्या अकरा मैलांपाशी येऊन थांबत आणि माघार घेत. एकतीस वर्षं त्या माघार घेत आल्या होत्या.

खरी गोष्ट अशी की सव्वाबाराला काका निघालेच नव्हते.

त्या दिवशी गॅरेजात एक दुर्मीळ गाडी उभी होती. त्या जातीची दुसरी धड गाडी तेव्हा कुणाच्या पाहण्यात नव्हती. जुन्या शेठनी ती एका मोठ्या संग्राहकाला "हात न लागलेली" म्हणून विकायचं ठरवलं होतं, आणि ती हात न लागलेली दिसावी म्हणून गेले पंधरा दिवस सगळ्यांचे हात तिलाच लागले होते. आतलं सगळं लाकूड काकांनी नव्यानं काढून, वर हलका धुरकट हात देऊन जुनं केलं होतं. उरलं होतं फक्त कप्प्याचं झाकण. संग्राहक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

फोन आला तेव्हा शेठ स्वतः टेबलाशी आले. जा म्हणाले. झाकणाचं काय, असं काकांनी विचारलं, तर म्हणाले की झाकणाचं बघू, तू आधी जा. शेठ खोटारडे होते, पण त्या दिवशी ते सरळ बोलले. काकांनीच विचार केला की पहिली खेप आहे, पहिल्या खेपेला बायका रात्र रात्र काढतात, तासाभराचं तर काम. बारा चाळीसला त्यांनी गडद हात दिला. हात थाऱ्यावर नव्हता, डोंगर बिघडला. पुसलं, पुन्हा दिला, पुन्हा बिघडला. दोन्ही वेळा पुसताना त्यांना उठून जाता आलं असतं. तिसऱ्या खेपेला जमलं. तीन पन्नास झाले होते. सवयीनं मागे वेळ लिहिली, टेबलावर पडलेल्या तयार अस्तरांतलं एक गॅरेजातल्या एकाकडे दिलं, रंग वाळला की व्हार्निश देऊन कडेला शिवून घे म्हणून सांगितलं आणि सामानाची गाडी घेऊन निघाले. ती कुठंही बंद पडली नाही.

पावणेपाचला दवाखान्याच्या दारात नर्सनं त्यांना सांगितलं. काका मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले, सहा वाजेपर्यंत तिथून हलले नाहीत. वर गेले तेव्हा काकूंनी डोळे उघडून आधी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. दिवसभर पत्रा घासून बुटांवर पांढरट भुकटीचा थर बसला होता.

"चालत आलात?" काकूंनी विचारलं.

काका हो म्हणाले. बंद पडलेली गाडी, ऊन, अकरा मैल, हे पुढच्या चार दिवसांत लोकांनी विचारत विचारत त्यांच्याकडून काढून घेतलं. पण पहिला शब्द त्यांचा होता, आणि तो त्यांनी मागे घेतला नाही.

आठवड्यानं काका कामावर परतले. गाडी आवारातून बाहेर पडत होती. उघड्या दारातून त्यांची नजर झाकणावर गेली आणि ते जागच्या जागी थिजले. झाकण टेबलावर घेताना कुलपाचं भोक पलीकडे ठेवायचं, हा त्यांचा नेम. त्या दिवशी भोक स्वतःकडे आलं होतं. रेषा त्यांनी नेहमीसारख्याच ओढल्या, त्यामुळे अख्ख्या डॅशबोर्डचे डोंगर स्टिअरिंगकडे टोकं करून होते आणि झाकणाचे तेवढे दाराकडे. ज्यासाठी थांबले तेच उलटं झालं होतं. काकांनी मिठाची गुळणी धरली. शेठना झाकण कळलं नाही, पण काकांनी घरी काय सांगितलं ते कळलं होतं. शेठ काकांच्या चालण्याबद्दल बोलले नाहीत आणि काका शेठच्या गाडीबद्दल. शेठ गेले तेव्हा काका प्रेतापाशी सगळ्यात जास्त वेळ बसले. लोकांना वाटलं, केवढी माया.

ती गाडी पुढे गाजली. संग्राहकानं जुन्या गाड्यांचं मोठं दालन उभारलं आणि तिला मधोमध जागा दिली. तिचे फोटो निघाले, मापं निघाली. त्या जातीच्या आणखी दहा-बारा गाड्या कुठून कुठून सडलेल्या स्थितीत सापडल्या, आणि त्या नव्या करताना सगळे याच गाडीकडे बघून करू लागले. दरवर्षी गाड्यांची तपासणी व्हायची, मूळ गाडीशी ताडून गुण दिले जायचे. दालन सांभाळणारा परीक्षकच ती तपासणी करी. त्याच्या यादीत स्पष्ट लिहिलं होतं: कप्प्याच्या झाकणावरच्या रेषा उलट्या दिशेनं असाव्यात.

काका अशा गाडीच्या वाटेला इतकी वर्षं गेले नव्हते. काही ना काही कारण सांगून टाळत आले होते. पण या वर्षी एक मालक थेट धाकट्या शेठकडे आला. धाकटे शेठ म्हणजे जुन्या शेठचे चिरंजीव, माणूस वाईट नाही, पण त्यांना घाई फार. काकांपुढे पत्रे ठेवून ते म्हणाले की हे काम हातचं हवंय, मालकाचा हट्ट आहे. काकांनी दोन महिने खपून सगळं केलं आणि झाकण सुलट काढलं. त्यांना ते उलटं काढवेना. भोक स्वतःकडे करून झाकण ठेवलं की हात पुढेच जाईना.

तपासणीतून गाडी परत आली ती शेरा घेऊन. बाकी सर्व उत्तम, झाकण चुकीचं, मूळ गाडीशी जुळत नाही.

"काका, उलटं करून द्या," धाकटे शेठ म्हणाले. "नसेल जमत तर तसं सांगा. हे बघा, आता हे आलंय."

त्यांनी टेबलावर एक गुंडाळी उलगडली. छापील फिल्म होती. पाण्यावर पसरायची, वरून पत्रा बुडवायचा, बाहेर काढला की झालं लाकूड. दालनातल्या गाडीवरून बिनचूक उतरवलेली आहे, असं शेठ कौतुकानं सांगत होते. काकांनी चष्मा पुसून पाहिलं. आपलं अक्षर ओळखावं तशा त्यांनी रेषा ओळखल्या. ती त्यांच्या अंगठ्यानं दाबून केलेली गाठ. तो तिसऱ्या खेपेचा डोंगर, जरा उजवीकडे कललेला, कारण तेव्हा ते घड्याळाकडे बघत होते. ते झाकण आता वाराच्या हिशेबात मिळत होतं. आणि त्यांनाच सांगितलं जात होतं की मूळ कारागिराचा हात तुम्हाला साधला नाही.

काका घरी आले ते अंगाचा तिळपापड होऊन. ताटावर बसले आणि एकतीस वर्षं दाताखाली धरलेलं वाक्य तोंडातून निसटलं.

"ते झाकण माझं आहे."

काकूंनी आधी विश्वास ठेवला नाही, मग सगळं विचारून घेतलं. काकांनी गाडीबद्दल सांगितलं, शेठच्या लबाडीबद्दल सांगितलं. कुठल्या दिवशी केलं ते तेवढं सांगितलं नाही. तेव्हा खूप कामं असायची, साल आठवत नाही, म्हणाले. काकूंचा चेहरा लाल झाला. आयुष्यभर लोकांनी या माणसाला खोटा सुतार म्हटलं, सख्ख्या बापानं म्हटलं, आणि आज याचंच काम याच्या तोंडावर मारतात, हे त्यांना सहन होईना. उद्याच्या उद्या जाऊन सांगा म्हणाल्या. काका म्हणाले, कोण विश्वास ठेवणार.

"मागे वेळ लिहिलेली असेल ना," काकू म्हणाल्या. "तुम्ही कधी लिहायचं चुकला आहात का? आणि अस्तर माझं असेल. अस्तराखाली पेन्सिल पुसत नाही."

काकांच्या हातातला घास हातातच राहिला. जाऊ दे, इतकी वर्षं गेली, आता काय करायचंय नाव घेऊन, असं ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. काकूंना तो त्यांचा भिडस्तपणा वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच दालनात फोन लावला, परीक्षकाची वेळ ठरवली, आणि पिशवीत सुई-दोरा, टाके उसवायची बारीक कात्री घेतली. चांगले कपडे घालून त्या काकांच्या पुढे बसमध्ये चढल्या. वाटेत काकांनी मनाशी पक्कं केलं की झाकण पाहायचं, नीट पाहिल्यासारखं करायचं आणि म्हणायचं, नाही, हे माझं नव्हे, माझी चूक झाली. काकू नाराज होतील, दोन दिवस बोलणार नाहीत. तेवढ्यावर भागेल.

दालन थंड आणि पांढरं होतं. गाडीभोवती दोर बांधलेला, समोर पाटी: हात न लागलेली. परीक्षक तरुण होता, हातात मोजे, बोलणं मृदू. चार-सहा पाहुणे आले होते, त्यांना तो झाकणाविषयी सांगत होता ते संपेपर्यंत काका-काकू मागे उभे राहिले. बाकीचे डोंगर चालकाकडे बघतात, तो सांगत होता, आणि हे एकच झाकण शेजारी बसणाऱ्या व्यक्तीकडे तोंड करून आहे. मूळ कारागिरांनी हे मुद्दाम केलं असावं. प्रवासातल्या सोबतीला दिलेला तो मान आहे. पाहुणे भारावले. काकूही क्षणभर झाकणाकडे कौतुकानं बघत राहिल्या, आणि काकांना तिथून पळून जावंसं वाटलं.

पाहुणे गेल्यावर काकूंनीच विषय काढला. परीक्षकानं ऐकून घेतलं. तो हसला, पण टिंगलीनं नाही.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "असं सांगणारे वर्षाला दोघंतिघं येतात. तुमचं काम मी पाहिलंय, चांगलं आहे. पण हा हात वेगळा. हे आता कुणाकडून व्हायचं नाही, तुमच्याकडूनही नाही."

झालं. बसमध्ये ठरवलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं. चाळीस वर्षांत कुणी त्यांच्या कामाबद्दल असं बोललं नव्हतं, आणि जो बोलत होता तो ते काम त्यांच्या हातातून काढून घेत होता. त्या घटकेला काकांना ना काकू दिसल्या ना तो दिवस आठवला. दिसलं ते फक्त झाकण. पूर्वीही असंच झालं होतं.

"अस्तर काढा," काका म्हणाले. "मागे पेन्सिलीनं लिहिलंय. दोन वेळा आहेत, वर गडद हाताची, खाली संपल्याची."

परीक्षक कचरला. मूळ गाडीला धक्का लावायचा म्हणजे परवानगी हवी वगैरे म्हणू लागला. तेव्हा काकू पुढे झाल्या. दारातून वाकून त्यांनी झाकणाची आतली बाजू पाहिली आणि कोपऱ्यावरचे टाके दाखवले, एकावर एक दोन. एवढे टाके माझे आहेत, म्हणाल्या, चारी कोपरे मी घरी बांधून देत असे, कडेचे दुसऱ्या कुणाचे दिसतात, आडदांड आहेत. एक बाजू उसवते आणि होती तशी शिवून देते, खूण राहणार नाही. त्यांच्या बोटांकडे बघून परीक्षकाला विश्वास वाटला असावा. त्यानं झाकण काढून मऊ कापडावर ठेवलं.

आता काका भानावर आले. राहू दे म्हणाले. काकूंनी मान वर न करता म्हटलं, थांबा हो, आज होऊनच जाऊ दे. त्या टाके एकेक करून उसवत होत्या. बनात बाजूला झाली, तिच्याखाली पत्रा अगदी कालचा वाटावा असा होता. पेन्सिलीचा ठसा जराही फिका झाला नव्हता.

काकूंनी वाचलं. काकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, त्या बोटांकडे पाहत राहिले. बोटं तारखेपाशी थांबली. मग वरच्या वेळेपाशी आली, मग खालच्या. खालच्या वेळेपाशी खूप वेळ राहिली. त्या तारखेला ते दोघं दरवर्षी घरातून बाहेर पडत नसत.

परीक्षकानं झाकण स्वतःकडे घेऊन मोठ्यानं वाचलं. तारीख. बारा चाळीस. तीन पन्नास. अक्षर ताडायला त्यानं काकांना एका कागदावर तेच लिहायला लावलं. काकांनी लिहिलं. तेच वळण होतं. गाडीला हात लागलेला होता हे उघड झालं म्हणून परीक्षकाला दुःख व्हायला हवं होतं, पण त्याला एकदम आनंद झाला. म्हणाला, आता हे सगळं नव्यानं लिहावं लागेल, पाटी बदलावी लागेल, तुमचं नाव लागेल, काका, वेळेसकट. हे झाकण आता उलट्या बाजूनं मांडायचं, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला ही अक्षरं वाचता येतील.

"एका झाकणाला तीन तास दहा मिनिटं," तो काकूंकडे वळून म्हणाला. "केवढी निष्ठा असेल बघा, मावशी."

काकू हो म्हणाल्या.

नवी पाटी होईपर्यंत म्हणून बनात त्यांनी होती तशी शिवून दिली. एकही टाका चुकला नाही, दोरा एकदाही तुटला नाही, कोपऱ्यावर एकावर एक दोन टाके पडले. परीक्षकानं फोटो काढायचा म्हटला तेव्हा त्या काकांच्या शेजारी उभ्या राहिल्या, सांगितलं तिथं पाहिलं. कात्री पिशवीत ठेवली, आभार मानले, पायऱ्या उतरल्या. काका मागून येत होते. काहीतरी बोलायला हवं हे त्यांना कळत होतं. पहिल्या खेपेला रात्र जाते असं वाटलं होतं, हे सांगावं का. शेठनी अडवलं म्हणावं का. शेठ आता नाही म्हणायला येणार नव्हते. हा विचार डोक्यात आला याची काकांना स्वतःचीच किळस आली, आणि तरी तो जाईना.

बसथांब्यावर दोघं उभे राहिले. दुपार कलली होती, तरी ऊन होतं. दालनापासून घर काही जवळ नव्हतं. बस आली, दार उघडलं, काका एक पायरी चढले आणि काकूंसाठी बाजूला सरकून हात पुढे केला.

"तुम्ही बसा," काकू म्हणाल्या. "मी चालत येते."

काका उतरायला वळले. काकूंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की पाय तिथंच राहिला. दार बंद झालं. मागच्या काचेतून त्या बराच वेळ दिसत होत्या, पिशवी खांद्याला लावून, रस्त्याच्या कडेनं, ना घाईनं ना सावकाश. मग वळण आलं.

काका घरी येऊन दाराशी खुर्ची घेऊन बसले. पाच वाजले, सहा वाजले. साडेसातला काकू आल्या. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली, पाणी प्यायल्या आणि आत गेल्या. चपला दाराशीच काढलेल्या होत्या. त्यांच्यावर पट्ट्यांपर्यंत धूळ बसली होती, तांबडी, जाड, रस्त्याची. काका ती बघत बसले.